हुकलेल्या बॉलचा हिशेब

बास्केटबॉलच्या अधिकृत स्कोअरशीटवर हुकलेला बॉल लिहायला जागा नसते. मधल्या भागात १ ते १६० आकडे छापलेले असतात. बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ मारायची, फ्री थ्रो गेला की ठिपका भरायचा, बास्केट तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल काढायचा. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. बाजूला फाउल, टाइमआउट, शेवटी सह्या. संपलं. एखाद्या मुलीने वीस वेळा बॉल मारून सोळा गुण केले की नऊ वेळा मारून दहा केले, हे त्या कागदाला विचारण्यात अर्थ नाही. किती बॉल हातून गेले, किती परत मिळवले, हेही त्यात नाही.

दुसऱ्या दिवशीची बातमी याच कागदावरून होते. ‘अमुक हिने सर्वाधिक गुण नोंदवले.’ ती बातमी निवड समितीच्या कानावर जाते आणि पुढच्या शिबिरात तिचं नाव आधी घेतलं जातं. संपादकांनी या अंकासाठी ‘मोजमाप’ असा विषय दिला, तेव्हा मला सोन्याचे काटे नि पावसाचे मिलिमीटर यांच्या आधी हा कागद आठवला. कॉलेजच्या मुलींच्या खेळात वेग कसा मोजायचा आणि खेळाडू कशी जोखायची, हे कुणी कागद-पेन्सिल घेऊन करतंय का, ते पाहायचं ठरवलं. चौकशी करता करता मी पोचलो सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत.

रजिस्टरची पाठकोरी पानं

एमआयडीसीत शिरलं की दोन्ही हातांना टॉवेलचे कारखाने, मधूनच सायझिंग, डाइंग, सुताची पोती उतरवणारे हमाल. हमरस्त्यावरून स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटकडे निघालेल्या गाड्या जात असतात. आत वळणारे बहुतेक कामावरचेच. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. त्यातला बराच टॉवेल या पत्र्याच्या शेडमधून निघतो.

मला ज्यांना भेटायचं होतं ते दिवसा एका कारखान्यात प्रॉडक्शनचं रजिस्टर सांभाळतात आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवतात, बिनपगारी. “नाव छापू नका,” म्हणाले. “मालकाला वाटायचं, कामाच्या टायमाला पोरी खेळवतोय.” तेव्हा इथे ते नुसते ‘सर’.

सरांचं रजिस्टर मी नीट पाहिलं. आडवं, जाड पुठ्ठ्याचं. रकाने असे: मशीन नंबर, पाळी, पिक, बंद वेळ, कारण. पिक म्हणजे बाण्याचा एक धागा आडवा जाणं. टेरीच्या लूमला दोन बीम लागतात, एक मूळ ताण्याचा, दुसरा वर उठणाऱ्या लूपचा. कुठेही तार तुटली की मशीन थांबतं, विणकर गाठ मारतो, पुन्हा सुरू. शेवटच्या ‘कारण’ या रकान्यात प्रत्येक थांब्याची नोंद: ताणा, बाणा, लाइट, जॉबर. लाइट म्हणजे वीज गेली, जॉबर म्हणजे मशीन दुरुस्तीला घेतलं.

“मिनिटाला किती पिक मारतो हे विचारायला सगळे येतात,” सर म्हणाले. “पाळी संपताना कापड किती निघालं ते कोण विचारत नाही. स्पीड वाढवला की तार तुटायचं प्रमाण वाढतंय बघा. मग स्पीड वाढवून मिळवलं काय?”

या रजिस्टरची भरलेली जुनी पानं ते मागच्या कोऱ्या बाजूसाठी घरी नेतात. त्यावर पट्टीने रकाने आखलेले: खेळाडू, मारला, गेला, रिबाउंड, बॉल गेला, कारण. ‘कारण’ हा रकाना तसाच उचललाय. माझ्या मते त्यांच्या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. अमेरिकेतल्या महागड्या आकडेवारीतही चुकलेला पास आणि पायांची गडबड पुष्कळदा एकाच आकड्यात विरघळून जातात.

संध्याकाळी साडेसहानंतर

मैदान एका शाळेच्या मागे. सिमेंटचा कोर्ट, रेषा पुसट, एका रिंगला जाळी आहे, दुसरीला नाही. साडेसहाच्या आधी सिमेंट इतकं तापलेलं असतं की कुणी बुटांशिवाय उभं राहू शकणार नाही. मुली आल्या त्या कुणी सायकलवर, कुणी भावाच्या गाडीवर. काहींच्या घरी लूम, काहींच्या घरी विड्या वळल्या जातात. बोलणं मराठीत, आपसातली चिडवाचिडवी तेलुगूत, एकीचं फोनवर आईशी कन्नडमध्ये.

बॉल दोन होते. महिलांचा बॉल सहा नंबरचा असतो, पुरुषांच्या सात नंबरपेक्षा लहान आणि हलका. दोनांतला एक सात नंबरचा निघाला, मुलांकडून आणलेला. सरावात जड बॉल मारायचा आणि सामन्यात हलका, मग अंदाज कसा बसणार? कुणी या मुलींची शॉटची टक्केवारी काढून नाक मुरडणार असेल, तर त्याने आधी बॉलचा नंबर पाहावा.

घोटा दुखावलेली एक मुलगी पायरीवर पान घेऊन बसली होती. शॉट हुकला की फुली, गेला की टिक. बॉल हातून गेला की शेवटच्या रकान्यात एक शब्द: पास, ट्रॅव्हल, हातातून, तीन सेकंद. ट्रॅव्हल म्हणजे टप्पा न देता पावलं टाकणं, तीन सेकंद म्हणजे रिंगजवळच्या चौकटीत त्याहून जास्त थांबणं. पहिल्या तासात तिची दोनदा धांदल उडाली, मग हात बसला. सरांनी विश्रांतीत गुण वाचलेच नाहीत. फक्त ‘कारण’ वाचलं. अर्ध्याहून अधिक ठिकाणी एकच शब्द होता, ‘पास’.

“कुठला पास?” सरांनी विचारलं.

पायरीवरची म्हणाली, “डाव्या बाजूचा, सर. अर्ध्या रेषेपलीकडचा. धावत धावत देतेत.”

एक उंच मुलगी मधेच म्हणाली, “पण सर, सगळ्यात जास्त पॉइंट मी मारले की ओ.”

“मारलीस की. किती वेळा मारायला लागलं ते बघ, मग सांग मला.”

ती पानाकडे गेली, बोटाने फुल्या मोजल्या आणि काही न बोलता पाणी प्यायला वळली.

वेग वेगळा, कस वेगळा

आता थोडं गणित. घाबरण्यासारखं काही नाही, दहावीपर्यंतचं पुरतं.

खेळाचा वेग मोजायचा तर एकक लागतं. ते एकक म्हणजे ताबा. बॉल आपल्या संघाकडे आला तिथे ताबा सुरू होतो. बास्केट झाली, हुकलेला बॉल समोरच्यांनी पकडला, बॉल हातून गेला किंवा शेवटचा फ्री थ्रो झाला की तो संपतो. आपणच मारलेला, हुकलेला बॉल आपणच पकडला तर मात्र तो ताबा चालूच राहतो. चाळीस मिनिटांत असे ताबे किती झाले, तो सामन्याचा वेग.

ताबे एकेक करून मोजता येतातच, पण कागदावरून काढायचं एक सूत्र आहे: मारलेले शॉट, वजा आपल्याच हुकलेल्या शॉटवर परत मिळवलेले बॉल, अधिक हातून गेलेले बॉल, अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट. ही विचित्र ०.४४ कशाला? फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, म्हणून एका फ्री थ्रोचा अर्धा ताबा धरावा असं वाटेल. पण बास्केट होऊन वर फाउल मिळाला तर त्या जादा फ्री थ्रोने नवा ताबा खर्च होत नाही. अशा कारणांनी अर्ध्याहून थोडं कमी धरतात. अमेरिकन कॉलेज सामन्यांसाठी काही जण ०.४७५ घेतात. समजा ६५ शॉट, ११ परत मिळवलेले बॉल, १८ वेळा बॉल गेला, १२ फ्री थ्रो. ताबे साधारण ७७. गुण ५४ असतील तर दर ताब्यामागे ०.७.

यातली खरी गंमत पुढे आहे. एकाचा ताबा संपला की दुसऱ्याचा सुरू होतो, म्हणून एका सामन्यात दोन्ही संघांचे ताबे जवळपास सारखेच असतात. तुम्ही कितीही पळा, समोरच्यालाही तितक्याच संधी मिळतात. दोन वेगवेगळ्या सामन्यांत दोन संघांनी ६०-६० गुण केले, एकाने ८० ताब्यांत आणि दुसऱ्याने ६६ ताब्यांत, तर पहिल्याचा दर ०.७५ आणि दुसऱ्याचा ०.९१. फलकावर दोघेही सारखेच ‘आक्रमक’. सरांच्या लूमचा हिशेब हाच: पिक मिनिटाला किती ते वेगळं, कापड किती निघालं ते वेगळं.

हे आजचं शोधून काढलेलं नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ दर ताब्यामागचे गुण हाताने काढत, संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी. २००४ मध्ये डीन ऑलिव्हर यांनी ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या पुस्तकात त्याची घडी नीट बसवली. सामना चार गोष्टींवर ठरतो असं ते म्हणतात. शॉट किती गेले, बॉल किती घालवले, हुकलेल्यांतले किती परत मिळवले, फ्री थ्रोच्या रेषेवर किती वेळा गेलो. वजनं त्यांनी अनुक्रमे ४०, २५, २० आणि १५ टक्के अशी दिली.

ही वजनं जशीच्या तशी सोलापुरात आणू नयेत. ती व्यावसायिक पुरुषांच्या खेळावरून आलेली आहेत. आपल्या आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या सामन्यात बॉल इतक्या वेळा हातून जातो की दुसरं कलम पहिल्याच्या डोक्यावर बसतं. शॉटची टक्केवारी सुधारायला वर्षं जातात, बॉल घालवण्याचं प्रमाण एका हंगामात खाली येऊ शकतं. म्हणून सरांनी ‘कारण’ आधी वाचलं, टक्केवारी नाही.

मग संथ खेळावं का? तसंही नाही. ताबे कमी झाले की नशिबाचा वाटा वाढतो आणि ते कमकुवत संघाच्या पथ्यावर पडतं. संघ तगडा असेल तर ताबे वाढवलेले बरे, कारण ताबे जितके जास्त तितकं खरं बळ दिसून येतं. शिवाय बाकावर किती जणी आहेत ते पाहावं लागतं. सरांच्या संघात नऊ मुली, त्यांतल्या दोघींची परीक्षा, एकीचा घोटा. अशा संघाने चाळीस मिनिटं पूर्ण मैदानभर प्रेस लावायची, समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवायचं, म्हणजे चौथ्या क्वार्टरला पाय जडावणार. म्हणून पायरीवरच्या मुलीच्या हातातही लाल आणि निळं अशी दोन पेनं होती. फुल्या कुठल्या क्वार्टरला वाढल्या, ते रंगावरून कळतं.

आंतरराष्ट्रीय नियमाने शॉटला २४ सेकंद मिळतात, अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना ३०. इथे मी पाहिलेल्या सरावसामन्यात घड्याळच नव्हतं. कडेला उभी असलेली मुलगी मनात मोजत होती आणि शेवटचे पाच आकडे ओरडत होती. तिचे सेकंद जरा लांबच होते. वेगाची आकडेवारी घेताना हेही लक्षात ठेवायला हवं.

केटलिन क्लार्कचे तीस गुण

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलला सध्या जे वलय आहे, त्याचा मोठा वाटा आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कचा. चार वर्षांत ३,९५१ गुण. शेवटच्या हंगामात सरासरी ३१.६. त्या हंगामाचा अंतिम सामना एप्रिल २०२४ मध्ये क्लीव्हलंडला झाला, समोर साउथ कॅरोलिना.

क्लार्कने पहिल्याच क्वार्टरला १८ गुण काढले, सामन्यात ३०. सर्वाधिक गुण तिचेच, आणि आयोवा ८७-७५ असा हरला. आपली बातमी काय झाली असती ते वेगळं सांगायला नको. आता कागदाचा दुसरा भाग पाहा. क्लार्कने २८ शॉट मारले, १० गेले. रिबाउंड साउथ कॅरोलिनाचे ५१, आयोवाचे २९. बाकावरून आलेल्या मुलींचे गुण ३७ विरुद्ध शून्य. साउथ कॅरोलिना त्या हंगामात ३८ पैकी एकही सामना हरली नाही.

म्हणून क्लार्क वाईट खेळली का? मुळीच नाही. तिच्याभोवती दोघी-दोघी फिरत होत्या, आणि तिने मारले नसते तर ते २८ शॉट मारणार कोण हाही प्रश्न होताच. आकडा इथपर्यंत आणून सोडतो. पुढचं ज्याने सामना पाहिलाय त्याने बोलायचं.

याच क्लार्कने कॉलेजमधल्या एकूण गुणांचा विक्रम मोडला, तेव्हा एक जुनं नाव पुन्हा वर आलं, लिनेट वुडर्ड. कॅन्सस विद्यापीठाकडून १९८१ पर्यंत खेळताना तिने ३,६४९ गुण केले होते. तेव्हा मुलींचे सामने वेगळी संघटना भरवत असे. एनसीएए ही बलाढ्य संस्था मुलींच्या स्पर्धा घेऊ लागली ती १९८१-८२ पासून. परिणामी वुडर्डचे गुण त्या संस्थेच्या विक्रमवहीबाहेर राहिले. गुण तेच, बास्केट तीच. वही दुसरी होती, एवढंच.

खो-खोवाल्यांचा कागद

आपल्याकडे मोजायची सवयच नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला खो-खोची बातमी वाचायला द्यावी. मराठी वर्तमानपत्रांत ती वर्षानुवर्षं एका ठरलेल्या पद्धतीने छापून येते: अमुकने दोन मिनिटं दहा सेकंद संरक्षण केलं आणि तीन गडी टिपले. म्हणजे प्रत्येक खेळाडूचं बचावातलं योगदान सेकंदांत आणि आक्रमणातलं गड्यांत. बास्केटबॉलच्या बातमीत बचावाचा एक शब्दही नसतो.

सोलापूर जिल्ह्याला खो-खो नवा नाही, वेळापूरचं नाव या खेळात आदराने घेतलं जातं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हाही आपल्याकडच्या चर्चेत कोण किती पळाली हे होतंच. आपल्या गावोगावच्या मंडळांतले पंच हा हिशेब हातातल्या घड्याळावर ठेवत आले आहेत. त्याला संगणक लागला नाही की परदेशी पुस्तक. बास्केटबॉलच्या टेबलावरच तेवढा आळस का?

पोरगी आणि तिचा आकडा

खेळाडूला जोखायचं म्हणजे नक्की काय मोजायचं? सोळा गुण वीस शॉटमध्ये करणारी आणि दहा गुण नऊ शॉटमध्ये करणारी, यांत दुसरी सरस असं म्हणून मोकळं होता येतं. पहिलीचे आठ गेले, म्हणजे ४० टक्के. दुसरीचे पाच गेले, म्हणजे ५६. पण दुसरीला मोकळा शॉट मिळतो तो पहिलीकडे बचाव ओढला जातो म्हणून. पहिलीला बसवा आणि दुसरीला वीस शॉट मारायला लावा, टक्केवारी घसरते की नाही बघा.

आणखी एक अन्याय आहे. घड्याळाचे शेवटचे चार सेकंद उरले की बॉल कुणाच्या हातात येतो? जी घाबरत नाही तिच्या. बाकीच्या जणी नजर चुकवतात. तिला वाकडातिकडा, समोरचीचा हात तोंडावर असताना शॉट मारावा लागतो आणि फुली तिच्या नावावर पडते. सरांच्या पानावर अशा फुलीभोवती गोल असतो. बेरजेत ती वेगळी काढतात. ही युक्ती त्यांना कुठे वाचायला मिळाली असं विचारलं, तर म्हणाले, “कुठे वाचणार? लाइट गेली म्हणून मशीन थांबलं तर विणकराच्या नावावर कसं टाकायचं, ओ?”

एका बाबतीत मात्र त्यांनी कारखान्याची रीत उचललेली नाही. शेडमध्ये प्रत्येक मशीनचा आकडा भिंतीवर लागतो. मुलींचा ते लावत नाहीत. आधी एकदा लावला होता. एका मुलीने टक्केवारी वाचली आणि शॉट मारायचंच सोडलं. बॉल आला की पास. टक्केवारी सुधारली, संघ हरू लागला. आता प्रत्येकीला तिचं पान तिच्या हातात देतात, आणि भिंतीवर लावायचंच असेल तर संघाने किती बॉल घालवले एवढं एकच.

उंचीबद्दलही बोललं पाहिजे. निवड चाचणीत मुलींना आधी भिंतीला उभं करतात. उंची महत्त्वाची आहे, कोण नाकारतंय? पण उंच मुलगी किती बॉल परत मिळवते हा आकडा मिळण्यासारखा असताना नुसती उंचीच का मोजायची? फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या सामन्यात प्रत्येक हुकलेला शॉट, प्रत्येक रिबाउंड नोंदवला जातो. २०१७ मध्ये बंगळूरला भारतीय महिलांनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशियाच्या वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. दोन गुणांनी जिंकलेला सामना म्हणजे अख्ख्या सामन्यात एका ताब्याचा फरक. त्या पातळीला गेल्यावर मुलीचं सगळं मोजलं जातं. तिथवर पोचण्यासाठी ज्या चाचण्यांतून जायचं, तिथे मात्र मोजपट्टी आणि गुणांची बेरीज.

दहा शॉटवरून काय कळतं?

आकडेवारीचं वेड लागलेल्यांसाठी एक इशारा. समजा, एखादी मुलगी खरोखरच ४० टक्के शॉट मारणारी आहे. तिने एका सामन्यात दहा शॉट मारले, तर त्यांतले दोन किंवा त्याहून कमी जाण्याची शक्यता जवळपास १७ टक्के. म्हणजे दर सहा सामन्यांत एकदा ती निव्वळ योगायोगाने ‘फेल’ दिसणार. आणि नेमका तोच निवडीचा सामना असेल तर?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. एका जिल्ह्यातले, त्यातही मुलींचे संघ असे किती असणार? बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरलं की वर्ष संपलं. त्या एका सामन्यावरून विद्यापीठाचा संघ ठरवायचा, मग तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार, राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवाला जाणार. तेव्हा आकडे हवेत ते वर्षभराच्या सरावाचे, जिथे शॉट शेकड्यांनी मारले जातात. सामन्याचे आकडे त्यांना जोड म्हणून. निवडीसाठी एका सामन्याची टक्केवारी वापरणं मला गुण मोजण्याइतकंच चुकीचं वाटतं, कदाचित जास्त, कारण टक्केवारीला शास्त्राचा रुबाब असतो.

आणि बचाव? तो या पानांवरही जवळजवळ नाहीच. समोरचीला तिच्या आवडत्या जागेवर पोचूच दिलं नाही, तर फुली कुणाच्या नावावर मारायची? स्क्रीन लावून मैत्रिणीला मोकळी करणारी मुलगी कुठल्या रकान्यात? एखादी मैदानात असताना संघाचे आणि समोरच्यांचे गुण किती झाले याची वजाबाकी ठेवता येते, पण त्यासाठी पायरीवर आणखी एक मुलगी लागते. सरांनी प्रयोग करून पाहिलाय. “एक लिहिणारी मिळते,” म्हणाले, “दुसरी मिळाली की तिला खेळवावंसं वाटतं.”

स्पर्धा भरवणाऱ्या कॉलेजांना आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला एवढंच सुचवावंसं वाटतं. टेबलावर आधीच तिघं-चौघं बसतात, शेजारी आणखी एक खुर्ची टाका. तिथे एक मुलगी, एक आखलेलं पान आणि दोन रंगांची पेनं. मारला, गेला, परत मिळवला, घालवला, का घालवला. सामना संपल्यावर पानाचा फोटो दोन्ही संघांना पाठवा आणि मूळ प्रत निवड समितीच्या बैठकीपर्यंत जपून ठेवा. खर्च एका चहाचा आहे, तोही ती मुलगी मागेल तर. यंदाचा आंतरमहाविद्यालयीन हंगाम अजून सरलेला नाही.